बालकासारखे व्हायचे म्हणजे शिकलेले विसरायचे का?

ताई, उत्तराआधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमची सहा वर्षांची मुलगी नाताळच्या गोठ्यापुढे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यापुढे, बसून बाळ येशूशी मैत्रिणीशी गप्पा माराव्यात तसे बोलते. तुमचा स्वतःचा बायबलचा अभ्यास झालेला आहे, वाचनही चांगले आहे. पण प्रार्थनेला बसलात की मनात टिपणे आणि भाष्येच येतात, देवाशी बोलणे होत नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या दिवसांतल्या, प्रवचनात फादर म्हणाले, "बालकासारखे व्हा," आणि तुम्हाला प्रश्न पडला: मग एवढे शिकले ते विसरायचे का? दुसरी शंका मुलीबद्दलची. तिची ही श्रद्धा खरी की भातुकलीसारखा खेळ? उद्या मोठी झाल्यावर ती गळून पडणारच असेल, तर आज आपण तिला फसवतो आहोत का?

दोन्हींना माझे उत्तर 'नाही' असेच आहे. वसईतल्या एका धर्मग्रामात (चर्चच्या परिसरात) मी बरीच वर्षे पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली पवित्र भाकर प्रथमच घेणाऱ्या, मुलांना शिकवते आणि आगमनकाळात मोठ्यांचा संध्याकाळचा बायबल वर्गही घेते. दोन्ही वर्गांत बसून माझे एक मत पक्के झाले आहे. मुलांना देव लवकर ओळखू येतो, कारण त्यांना घ्यायची लाज वाटत नाही. आपण मोठी माणसे देवाच्या दारातही आपला वाटा भरूनच जाऊ पाहतो. शिकलेले आड येते ते याच सवयीमुळे. शिक्षणाचा त्यात दोष नाही.

येशू हे कुठल्या प्रसंगी बोलला ते आधी पाहू. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, १८व्या अध्यायात शिष्य विचारतात, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? येशू एका मुलाला बोलावतो आणि त्यांच्या मधोमध उभे करतो. हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे नाताळच्या कार्डावरचे गोंडस मूल येते. तिथे जमलेल्या माणसांना तसे काही दिसले नसणार. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत हजारो पपायरस सापडले, त्यांत इसवी सनपूर्व १ या सालचे एक पत्र आहे. हिलारियोन नावाचा नवरा अलेक्झांड्रियाहून आपल्या बायकोला, आलिसला, लिहितो. पत्र मायेचे आहे. काळजी करू नकोस, लहानग्याला सांभाळ, पैसे हाती पडले की लगेच पाठवतो. आणि त्याच ओघात पुढे: बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. लगेच पुढच्या ओळीत, तू म्हणतेस मला विसरू नका, मी तुला कसा विसरेन? बेथलेहेमच्या जन्माच्या आगेमागेच लिहिलेले हे पत्र आहे. रोमन जगात जन्मलेले मूल वाढवायचे की नाही हे बाप ठरवी. यहुदी लोक मुले टाकत नसत, त्यांचे धर्मशास्त्र त्याला मना करी. तरी चारचौघांत मुलाच्या शब्दाला तिथेही वजन नव्हते.

म्हणजे 'मोठा कोण' या प्रश्नावर येशूने ज्याला मधे उभे केले, त्याच्या नावावर काहीही जमा नव्हते. ना मान, ना पुण्य, ना पाठांतर. "जो कोणी स्वतःला या बालकासारखा नम्र करील," असे तो म्हणतो. मुलाच्या निष्पापपणाबद्दल तिथे एक शब्दही नाही.

मुले पापभीरू, निर्मळ, देवदूतासारखी असतात असे ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, कधी मानलेले नाही. संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनाच्या पहिल्याच भागात एका तान्ह्या बाळाचे वर्णन केले आहे. त्याला बोलताही येत नव्हते, पण त्याच दाईचे दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने, रागाने बघत होते. वर्गात मुलांना घेऊन बसणाऱ्या कुणालाही हे पटेल. पहिल्या कम्युनियनच्या तयारीत मेणबत्ती कुणी धरायची यावरून माझ्यासमोर कोपरखळ्या चालतात, एकमेकांची नावे सांगितली जातात, धडधडीत खोटेही बोलले जाते. म्हणून "लहान मुलांसारखे निरागस व्हा" असे कुणी सांगितले की मला थोडे थांबावेसे वाटते. निरागसता म्हणजे हातून काही न घडणे असेल, तर चाळिशीच्या माणसाला ती परत मिळण्याची सोय नाही. येशू मात्र आपली वाट सर्वांना खुली ठेवतो.

तो काय खुले ठेवतो हे मार्कच्या १०व्या अध्यायात नीट दिसते. लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य दटावतात, आणि येशू शिष्यांवरच रागावतो. जो देवाचे राज्य बालकासारखे स्वीकारणार नाही त्याचा त्यात प्रवेश होणारच नाही, असे तो म्हणतो. हाच प्रसंग सांगताना लूक तर तान्ह्या बाळांबद्दल बोलतो. तान्हे बाळ काय करू शकते? दूधही त्याला कुणीतरी पाजावे लागते. आता याच्या लगेच पुढे काय येते ते पाहा. मत्तय, मार्क, लूक, तिघांनीही पुढचा प्रसंग एकच ठेवला आहे: एक श्रीमंत माणूस येतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळावे म्हणून मी काय करू? आज्ञा त्याला तोंडपाठ आहेत आणि त्याने त्या लहानपणापासून पाळल्याही आहेत. येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो असे मार्क मुद्दाम लिहितो. तरी तो खिन्न होऊन परत जातो, कारण त्याच्याजवळ पुष्कळ होते. बाळांना आशीर्वाद मिळाला आणि सज्जन, अभ्यासू माणूस रिकामा गेला, हे एकापाठोपाठ एक ठेवलेले आहे. माझ्या मोठ्यांच्या वर्गात मी हे दोन प्रसंग कधीच वेगवेगळ्या दिवशी घेत नाही.

तुमचा प्रश्न आगमनकाळातच का उठावा, त्याचेही कारण आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला आगमनाचा पहिला रविवार येतो, उपासनेचे वर्ष तिथून सुरू होते. आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, दोन वाचने येतात. यशयाच्या ११व्या अध्यायात लांडगा कोकरासोबत राहतो, वासरू आणि सिंहाचा छावा एकत्र चरतात आणि त्यांना एक लहान मूल हाकून नेते. दोन ओव्यांनंतर तान्हे बाळ नागाच्या बिळापाशी खेळते. शुभवर्तमान लूकच्या १०व्या अध्यायातले: बहात्तर शिष्य आनंदाने परत आले आहेत आणि येशू पवित्र आत्म्यात उल्हासित होऊन म्हणतो, हे पित्या, ज्ञानी आणि बुद्धिमान यांच्यापासून या गोष्टी तू गुप्त ठेवल्यास आणि बालकांना प्रकट केल्यास. लगेच पुढे तो म्हणतो, पिता कोण हे पुत्रावाचून आणि ज्याला पुत्र प्रकट करील त्याच्यावाचून कुणी जाणत नाही. तुमच्या प्रश्नाचा गाभा या ओळीत आहे. देवाची ओळख ही दिली जाते. अभ्यासाने आपण तिच्या दारापर्यंत जातो, दार आतून उघडते. हे शुभवर्तमान आठवड्याच्या मधल्या दिवशी येते, त्यामुळे फक्त रविवारी मिस्साला जाणाऱ्यांच्या कानावर ते पडतच नाही. यंदा त्या मंगळवारी जमले तर जरूर जा.

मग अभ्यास कशाला, असे कुणी म्हणेल. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना रोखठोक लिहिले आहे: समजुतीच्या बाबतीत बालके होऊ नका, दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बालके व्हा, समजुतीच्या बाबतीत प्रौढ व्हा. याहून स्पष्ट काय सांगायचे? आणि उपासनेतही तेच आहे. १७ डिसेंबरपासून सायंप्रार्थनेत येणाऱ्या प्रभूला रोज एका नव्या नावाने हाक मारतात, सात दिवस सात नावे. त्यांतले पहिले नाव 'प्रज्ञा' आहे. परात्पराच्या मुखातून निघालेली प्रज्ञा, ये आणि आम्हाला शहाणपणाची वाट शिकव. जी ख्रिस्तसभा आठ दिवसांनी बाळापुढे गुडघे टेकणार आहे, ती सुरुवात प्रज्ञेला हाक मारून करते. ज्ञानाचा तिटकारा करणाऱ्या भक्तीला इथे आधार नाही, आणि "आम्हाला काही शिकायची गरज नाही, आमची श्रद्धा भोळी आहे" असे अभिमानाने सांगणाऱ्यांना मी हेच वाचून दाखवते.

याबाबतीत मला नेहमी संत थॉमस अक्वायनस आठवतात. त्यांच्याएवढे शिकलेले माणूस तेराव्या शतकात दुसरे क्वचितच असेल. ६ डिसेंबर १२७३ रोजी, म्हणजे आगमनकाळातच, नेपल्समध्ये मिस्सा अर्पण करताना त्यांना काहीतरी अनुभव आला आणि त्यानंतर त्यांनी लेखणी हाती धरली नाही. मोठा ग्रंथ अर्धवट राहिला. सोबती रेजिनाल्ड यांनी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा ते म्हणाले, मी जे पाहिले त्यापुढे मी लिहिलेले सगळे मला गवताच्या काडीसारखे वाटते. आपले लिखाण खोटे आहे किंवा जाळून टाका, असे ते म्हणाले नाहीत. मला भावतो तो पुढचा तपशील. तीन महिन्यांनी, ७ मार्च १२७४ रोजी, फोसानोव्हाच्या मठात ते वारले. त्याआधी त्यांनी आयुष्यभराचे पापनिवेदन केले, म्हणजे आपली पापे धर्मगुरूपुढे कबूल केली, आणि ते ऐकणारे रेजिनाल्ड नंतर म्हणाले की ते पाच वर्षांच्या मुलाच्या पापनिवेदनासारखे होते. इतके ग्रंथ लिहूनही त्या माणसाचे मन पाच वर्षांच्या मुलाइतके मोकळे राहिले होते. अभ्यासाने आपण कोरडे झालो असे वाटेल तेव्हा हे आठवा.

दुसरे उदाहरण बाळ येशूच्या संत तेरेजाचे. तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बालिशपणा आणि बालकाचे मन यांतला फरक तिच्याइतका कुणी दाखवलेला नाही. लिझ्यूच्या मार्टिन घराण्यातली ही सर्वांत धाकटी मुलगी. आई गेली तेव्हा तेरेजा चार वर्षांची होती. तेव्हापासून ती इतकी हळवी झाली की जरा कुणी काही बोलले की रडायची, आणि मग रडले म्हणून पुन्हा रडायची. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर मुलांनी चुलाण्याजवळ ठेवलेल्या बुटांत भेटी शोधायच्या, अशी फ्रान्समधली रीत. १८८६च्या नाताळात ती चौदाव्या वर्षाला टेकली होती, तरी घरात तिच्यासाठी बूट ठेवलेले होते. वडील थकले होते. ती वर टोपी ठेवायला जात असताना ते वैतागून म्हणाले, बरे झाले, हे शेवटचेच वर्ष! ते तिच्या कानावर पडले. बहीण सेलीन म्हणाली, आत्ता खाली जाऊ नकोस, तुला रडू येईल. तेरेजाने डोळे पुसले, धडधडत्या छातीने जिना उतरली, वडिलांसमोर बूट ठेवले आणि एकेक भेट हसत हसत बाहेर काढली. वडीलही हसले. दहा वर्षांत जे मला जमले नाही ते येशूने एका क्षणात केले, असे तिने पुढे लिहिले. त्या रात्रीला ती आपले परिवर्तन म्हणते.

ज्या संतीला सगळे जग 'लहानपणाच्या वाटेची' म्हणून ओळखते, तिची वाट बालिशपणा सोडल्यावर सुरू झाली. सतत आपल्याकडे लक्ष वेधून घेणे, मनासारखे झाले नाही की रुसणे, माझे कौतुक झालेच पाहिजे असे वाटणे, हे गेले. आणि हात रिकामे असूनही ते पुढे करण्याचे धैर्य आले. ९ जून १८९५ रोजी तिने केलेल्या आत्मसमर्पणाच्या प्रार्थनेत ती म्हणते, या आयुष्याच्या संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी तुझ्यापुढे येईन, माझी कृत्ये मोजू नकोस. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १८९७ रोजी, ती चोवीस वर्षांची असताना क्षयाने गेली. शेवटचे दीड वर्ष तिच्या मनात गडद अंधार होता. स्वर्ग आहे की नाही, अशी शंका तिला छळत होती. म्हणजे बालकाचे मन म्हणजे नेहमी गोड गोड वाटणे, असेही नाही. तुमच्या प्रार्थनेतल्या कोरडेपणावरून तुम्ही देवापासून दूर गेला आहात असा निष्कर्ष काढू नका. प्रार्थनेत डुलकी लागते म्हणून तेरेजा खंतावत बसली नव्हती. लेकरे झोपलेली असली तरी आईबापांना तेवढीच लाडकी असतात, असे ती म्हणे. शंभर वर्षांनी, १९९७ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य, म्हणजे सर्वांना शिकवण देणारी गुरू, ठरवले. या मालिकेत अक्वायनसही आहेत. भलामोठा ग्रंथ लिहिणारा विद्वान आणि शाळा अर्ध्यावर सोडलेली मुलगी, दोघांनाही एकाच पंगतीला बसवले आहे.

आता तुमच्या लेकीकडे वळू. ती खेळते की प्रार्थना करते? सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि काढायची गरजही नाही. पूर्वी बऱ्याच देशांत मुले दहा, बारा, कधी चौदा वर्षांची झाल्यावरच त्यांना पहिले कम्युनियन देत. आधी सगळे नीट समजू दे, असा विचार होता. पोप पायस दहावे यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी फर्मान काढून ते वय साधारण सातवर आणले. अट काय घातली? मुलाला श्रद्धेची मूळ सत्ये त्याच्या वयाच्या मानाने कळावीत आणि साधी भाकर व ख्रिस्तशरीर यांतला फरक ओळखता यावा. एवढ्या ओळखीला ख्रिस्तसभेने खरी ओळख मानले आहे. तुम्हीही मानायला हरकत नाही.

रोममध्ये १९५४ पासून सोफिया कावालेत्ती या बायबलच्या अभ्यासक बाईंनी मॉन्टेसोरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांच्यासोबत लहान मुलांचे धर्मशिक्षण सुरू केले. त्यांची पद्धत मला फार पटते. मुलांपुढे मोठे, खरे शब्द ठेवायचे आणि मग गप्प बसायचे. आगमनकाळात त्या तीन-चार वर्षांच्या मुलांनाही यशयाचे वाक्य वाचून दाखवत: अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे. त्याचा अर्थ लगेच समजावून सांगायचा नाही. मेणबत्ती लावायची आणि विचारायचे, हा प्रकाश कोण असेल? माझ्या वर्गात या प्रश्नानंतर मी मुद्दाम थांबते. उत्तरे यायला वेळ लागतो आणि मोठ्यांना तेवढा वेळ सहन होत नाही. मागे उभ्या आया आपल्या मुलाच्या कानात उत्तर सांगायला लागतात. कृपा करून तसे करू नका. मुलाला प्रश्नाशी थोडा वेळ एकटे राहू द्या.

श्रद्धा उद्या गळून पडेल का, या भीतीचे कारण मला ठाऊक आहे. गळून पडते ती आपण मुलांना देवाबद्दल सांगितलेली खोटी माहिती. "बाळ येशूला त्रास दिलास तर तो तुला काही आणणार नाही," हे आमच्याकडे घरोघरी ऐकू येते. मला याचा मनापासून राग येतो. नाताळ म्हणजे न मागता, न कमावता मिळालेली देणगी, आणि तिचेच आपण मुलांपुढे पगारपत्रक करतो. गोठ्यातल्या गवताचेही तेच. एक चांगले काम केले की एक काडी गव्हाणीत टाकायची, ही जुनी, सुंदर प्रथा आहे. पण भावंडांत "माझ्या काड्या जास्त" अशी मोजणी सुरू झाली की ती बंद केलेली बरी. मी मुलांना सांगते, काडी टाकताना आज मला कुणी काय दिले तेही आठवा आणि त्याचीही काडी टाका. म्हणजे गव्हाण मिळालेल्या गोष्टींनीही भरते.

आणि प्रश्नांना घाबरू नका. लूकच्या पहिल्या अध्यायात गब्रिएल देवदूत दोघांकडे जातो, दोघेही प्रश्न विचारतात. जखऱ्या याजक आहे, वयस्क आहे, मंदिरात सेवेला उभा आहे. तो विचारतो, हे खरे कशावरून मानू? मरिया नाझरेथची मुलगी आहे. ती विचारते, हे कसे होईल? जखऱ्या पुरावा मागतो आणि मुका होतो. मरियेला उत्तर मिळते, कारण देणगी घ्यायला ती तयारच आहे, ती कशी येणार एवढेच तिला जाणून घ्यायचे आहे. ही दोन वाचने १९ आणि २० डिसेंबरला लागोपाठ येतात. तुमची मुलगी दिवसभर जे विचारते ते बहुतेक मरियेच्या जातीचे प्रश्न असतात. आणि जखऱ्याची वाणी परत येते ती कुठे? बाळाचे नाव पाटीवर लिहिताना. तिथून पुढे तो थेट स्तोत्रच गातो. शिकलेल्या माणसाला थोडे दिवस गप्प केले गेले, आणि त्या गप्प राहण्यातून स्तोत्र आले. तुमच्या मनातली टिपणे गप्प करायची असतील तर याच वाचनापासून सुरुवात करा.

मुलांच्या प्रश्नातून काय निघू शकते, याची एक गोष्ट सांगते. आगमनाचे जे हिरवे चक्र आज आपल्या चर्चमध्ये चार मेणबत्त्यांसह दिसते, ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये सुरू झाले. योहान हिन्रिख विखेर्न या प्रोटेस्टंट पाळकाने अनाथ आणि गरीब मुलांसाठी एक वसतिगृह काढले होते. मुले रोज विचारत, नाताळ कधी? १८३९ साली त्याने गाडीचे एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर प्रत्येक दिवसाची एक लहान आणि प्रत्येक रविवारची एक मोठी मेणबत्ती लावली. नाताळ अजून किती दूर आहे ते मुलांना डोळ्यांनी दिसायला लागले. 'कधी?' हा मुलांचा प्रश्न आगमनकाळाचा मूळ प्रश्न आहे. संदेष्ट्यांनीही तोच विचारला. आपण मोठे तो विचारायचे सोडून दिलेले असते, कारण नाताळची तारीख आपल्याला पाठ आहे.

घरी काय करायचे ते थोडक्यात सांगते. बारा-तेरा डिसेंबरच्या सुमारास एका वाटीत माती घालून मुलीच्या हाताने नाचणी पेरा. गोठ्यातल्या हिरवळीसाठी आमच्याकडे ती लावतातच. दुसऱ्या दिवशी ती माती उकरून पाहणार, हे नक्की. ओरडू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे हिरवे दिसले की तीच धावत येऊन तुम्हाला सांगेल. पाणी रोज थोडे, नाहीतर कुजते. गोठा मांडताना गव्हाण रिकामी ठेवा, बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीच ठेवायची. मूर्ती आधीच मांडून वाट पाहण्याचे दिवस बुडवणे मला पटत नाही. मूर्ती तिच्याकडेच सांभाळायला द्या. रोममध्ये आगमनाच्या तिसऱ्या रविवारी मुले आपापल्या गोठ्यातल्या बाळ येशूच्या मूर्ती संत पीटरच्या चौकात आशीर्वादासाठी आणतात, पोप पॉल सहावे यांनी १९६९ साली ही प्रथा सुरू केली. तुमच्या धर्मग्रामातही फादरांना विचारून पाहा, कुणी नाही म्हणणार नाही.

आणि तुमच्यासाठी. ग्रेचो गावी १२२३च्या नाताळात संत फ्रान्सिसने गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणवून मिस्सा करवला. बेथलेहेममध्ये ते बाळ कोणत्या अडचणीत जन्मले ते मला या डोळ्यांनी पाहायचे आहे, असे त्याने आधी कळवले होते. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस लिहितो की त्या रात्री 'बेथलेहेमचे बाळ' म्हणताना त्याचा आवाज कोकराच्या बें-बेंसारखा होई आणि नाव घेतल्यावर तो गोडी चाखावी तशी ओठांवरून जीभ फिरवी. तेव्हा तो बेचाळिशीच्या आसपास होता, आजारी होता, संघाचे वाद सोसून थकलेला होता. पाहायचे आहे एवढेच त्याला वाटत होते. तुम्हीही यंदा तेवढेच करा. रात्री मुलगी झोपली की गोठ्याजवळ दहा मिनिटे बसा, पुस्तक बाजूला ठेवा. भाष्ये आठवली तर हाकलू नका, "हेही तूच दिलेस" म्हणा आणि पुढे चला. काही मागायचे असेल तर सरळ मागा, त्याला धार्मिक भाषा लावू नका. काहीच सुचले नाही तर मुलीने त्या दिवशी बाळ येशूला जे सांगितले तेच वाक्य तुम्ही म्हणा.

पापनिवेदन २३-२४ तारखेपर्यंत लांबवू नका. त्या दिवसांत रांगा लागतात आणि फादरांनाही तुमच्याशी बोलायला उसंत नसते. तिसऱ्या आठवड्यातच जाऊन या. आणि जाताना मुलीला बरोबर न्या, आई कुठे चालली आहे ते तिला सांगा. तिने का म्हणून विचारले तर खरे उत्तर द्या.